पिट्सबर्ग पायरेट्सच्या मालकांना एका कोल्हापूरकरणीचं खुलं पत्र

श्री. बॉब नटिंग यांस,
पिट्सबर्ग पायरेट्स

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या पॉल स्कीन्सला बेसबॉलचा साय यंग पुरस्कार जाहीर झाला. अमेरिकेतल्या नॅशनल लीगमधला वर्षातला सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि तोही एकमताने. त्या रात्री मी घरी शिरा केला. लेक काळा-पिवळा टी-शर्ट घालून टीव्हीसमोर उड्या मारत होती. मग बशी हातात घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, हा पण जाणार का गं?"

ती नऊ वर्षांची आहे. तिच्या जन्मापासून आपल्या टीमने प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, एकही सामना खेळलेला नाही. तिला ठाऊक असलेले पायरेट्स म्हणजे चांगला खेळाडू आला की त्याच्या जाण्याची वाट बघणारी टीम. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र. ते मराठीत लिहितेय, कारण मनापासून मागायचं असलं की मला हीच भाषा सुचते, आणि पिट्सबर्गातल्या व गावाकडच्या माझ्या माणसांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. इंग्रजी प्रत तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवतेच आहे.

मी कोण, ते आधी सांगते. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढले. महाराष्ट्रात सगळीकडे क्रिकेटचं वेड, पण आमच्याकडे फुटबॉलचं त्याहून जास्त. तिथल्या टीम तालमींच्या आणि मंडळांच्या असतात: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली अर्धी दुकानं दुपारीच बंद. माझे बाबा पाटाकडीलचे. टीम हरली की घरी येऊन कुणाशी न बोलता पाय धुवायचे आणि तसेच झोपायचे. सकाळी आई म्हणायची, "तुमचं काय गेलं त्यात?" बाबा म्हणायचे, "माझीच टीम हाय की." त्यांनी टीमला वर्गणीपलीकडे कधी काही दिलेलं नव्हतं, तरी ते वाक्य खरं होतं, आणि पेठेत कुणालाही ते विचित्र वाटलं नसतं.

2007 मध्ये मी पिट्सबर्ग विद्यापीठात शिकायला आले. त्याच वर्षी जानेवारीत पायरेट्सची सूत्रं तुमच्याकडे आली होती. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी ओकलंड भागातून खोलीवर परतत होते. रॉबर्टो क्लेमेंटे ड्राइव्हला एक जुनी विटांची भिंत आहे, वेलींनी झाकलेली. तिच्यासमोर काही म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. काहींच्या डोक्यावर काळ्या-पिवळ्या टोप्या, मधे रेडिओ, त्यावर सामन्याचं धावतं वर्णन. कुठला सामना, असं विचारलं तर एक आजोबा म्हणाले, "1960चा."

मला वाटलं, आपल्याला इंग्रजी नीट कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. ही फोर्ब्स फील्डची उरलेली भिंत. 13 ऑक्टोबर 1960 ला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात शेवटच्या इनिंगमध्ये बिल मॅझरॉस्कीने न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला आणि आपण 10-9 ने जिंकलो. ती आठवण जपायला लोक दरवर्षी त्या तारखेला इथे जमतात आणि तोच सामना पहिल्यापासून ऐकतात. मी थांबले. बेसबॉल मला काडीचाही कळत नव्हता. पण तीन वाजून गेले तशी ती माणसं पुढे सरकून बसली. निकाल सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच लागला होता, तरी त्यांचे श्वास अडकले होते. 3 वाजून 36 मिनिटांनी, होम रन खरोखर बसला होता त्या मिनिटाला, ती सगळी उठून उभी राहिली. शेजारच्या आजींनी माझा हात धरला होता. मला बाबा आठवले. त्या दिवसापासून मी पायरेट्सची झाले.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2008 मध्ये, आपल्या क्लबने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन पोरांना करारबद्ध केलं. भालाफेक करणारी पोरं, बेसबॉल हातात घेऊन वर्षही झालं नव्हतं. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरच्या, क्लबने भारतीय खेळाडूंशी केलेला तो पहिला करार. कोल्हापूरहून बाबांचा फोन आला, "तुझ्या टीमने आपली पोरं घेतली की गं!" दोघंही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्या क्लबने दार उघडलं, हे मी आजही माणसांना सांगते.

आणि 1 ऑक्टोबर 2013. सलग वीस वर्षं, 1993 पासून 2012 पर्यंत, आपली टीम दर हंगामात जिंकल्याहून जास्त सामने हरली होती. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या व्यावसायिक खेळात इतकी लांब साडेसाती कुठल्याच टीमच्या वाट्याला आलेली नाही. ती संपली आणि त्या रात्री आपल्या मैदानावर प्लेऑफचा सामना झाला. चाळीस हजारांवर माणसं काळे कपडे घालून आली होती. सिनसिनाटीच्या पिचरचं नाव आम्ही लांबवून लांबवून घेत होतो, क्वे-टो, क्वे-टो. त्याच्या हातून चेंडू खाली पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. माझ्या पुढच्या रांगेतला दणकट माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. ती टीम तुमच्याच कारकिर्दीत उभी राहिली. 2013, 2014, 2015 अशी तीन वर्षं प्लेऑफ, त्यातल्या शेवटच्या वर्षी 98 विजय. त्याचं श्रेय तुम्हाला आहे, आणि म्हणूनच राग जास्त आहे. हे करता येतं, हे तुम्ही स्वतः दाखवलंय.

त्यानंतर काय झालं?

जानेवारी 2018 मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला गेला आणि अँड्र्यू मॅक्कचन सॅन फ्रान्सिस्कोला. कोल 2011 च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत देशातला पहिला खेळाडू म्हणून आपण घेतलेला. मॅक्कचन तर या शहराचा पोरगाच झाला होता, 2013 चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. हजारो लोकांनी टीम विका म्हणून अर्जावर सह्या केल्या. मी तेव्हा सही केली नाही. म्हटलं, क्लबचा काही विचार असेल, थांबू. 2021 मध्ये आपण 101 सामने हरलो, 2022 मध्ये 100. मी थांबले. मॅक्कचन 2023 मध्ये परत आला तेव्हा घरच्या पहिल्या सामन्याला उभी राहून टाळ्या वाजवणारी माणसं थांबायलाच तयार नव्हती. एवढी माया या गावात आहे, साहेब, आणि ती मायाच तुम्ही गृहीत धरली.

आता स्कीन्स. 2023 च्या निवडीत तोही देशातला पहिला. मे 2024 मध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. यंदा त्याने नऊ इनिंगमागे सरासरी 1.97 धावा दिल्या. 216 बॅटर तीन स्ट्राइकमध्ये परत पाठवले. आणि त्याचा हिशेब काय? दहा विजय, दहा पराभव. माझ्या मराठी वाचकांना कळावं म्हणून सांगते: हे म्हणजे बोलरने दर सामन्यात समोरच्याला शंभरात गुंडाळावं आणि आपल्या टीमने नव्वदला बाद व्हावं. यंदा अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात कमी धावा आपल्या टीमने केल्या. तीस टीममध्ये तिसाव्या. तो पोरगा मैदानातून परत येताना डगआउटच्या पायऱ्या उतरतो, टोपी काढतो, एक शब्द बोलत नाही. मला ते बघवत नाही.

2029 च्या हंगामानंतर तो मोकळा होईल आणि हव्या त्या टीमकडे जाईल. आपल्या क्लबच्या इतिहासातला 2025 पर्यंतचा सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनल्ड्सचा, आठ वर्षांचा, 10 कोटी 67 लाख डॉलरचा. जपानी खेळाडू ओहतानीला लॉस एंजेलिसच्या टीमने दहा वर्षांसाठी 70 कोटी दिले. आपण लॉस एंजेलिस नाही, मान्य. पण करार करणं परवडत नाही हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत, आणि परवडत नाही म्हणजे नेमकं किती कमी पडतं, हे कधीच कुणी सांगितलेलं नाही.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या पगारावर वरची मर्यादा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये आणि आइस हॉकीमध्ये ती आहे, म्हणून याच गावातले स्टीलर्स आणि पेंग्विन्स मोठ्या शहरांच्या बरोबरीने खेळू शकतात, आणि त्यांच्याशी तुमची तुलना सरळ होत नाही. हे खरं आहे. पण मिलवॉकीचं काय? आपल्याच विभागातली टीम, आपल्याहून लहान बाजारपेठ. यंदा त्यांनी 97 सामने जिंकले, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. त्यांना कुणी वेगळे नियम लावलेले नाहीत.

शिवाय श्रीमंत टीमच्या उत्पन्नातला वाटा लहान टीमना मिळतो, तो आपल्यालाही मिळतो. तो पैसा मैदानावरचा खेळ सुधारण्यासाठी वापरावा असं खेळाडू संघटनेशी झालेल्या करारातच लिहिलंय. 2018 च्या फेब्रुवारीत संघटनेने चार क्लबांविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार केली, त्यात आपलं नाव होतं. तक्रार केली म्हणजे दोष सिद्ध झाला असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात हिशेब उघडा असतो तिथे संशयाला जागा राहत नाही. आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाचा जमाखर्चसुद्धा विसर्जनानंतर फळ्यावर लागतो.

सप्टेंबर 2024 मधली गोष्ट तुम्हाला आठवत असेल. रावडी टेलेझ या खेळाडूला दोन लाख डॉलरचा बोनस मिळायला फक्त चार वेळा बॅटिंगला येणं बाकी होतं, हंगामाचे काही दिवस उरले होते, आणि त्याला टीममधून सोडलं. बोनसशी त्याचा संबंध नाही असं क्लबने सांगितलं. असेलही तसं. पण ज्या क्लबवर लोकांचा विश्वास असतो, त्याला असं सांगावं लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लेखणी उचलली, त्याकडे येते.

आपल्या स्टेडियमची उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे. उगाच नाही. रॉबर्टो क्लेमेंटेच्या पाठीवर 21 आकडा होता. पोर्तो रिकोहून आलेला हा माणूस अठरा हंगाम फक्त पायरेट्सकडूनच खेळला. बरोबर 3000 हिट्स, म्हणजे यशस्वी फटके, झाल्या तेव्हा 1972 चा हंगाम संपला. डिसेंबरमध्ये निकाराग्वात भूकंप झाला. त्याने मदत गोळा केली, ती नीट पोचत नाही असं कळल्यावर 31 डिसेंबरच्या रात्री स्वतः विमानात बसला. विमान समुद्रात कोसळलं. त्याचा देह मिळाला नाही. सामन्याच्या दिवशी गावातून स्टेडियमकडे येणारा पूल गाड्यांना बंद करतात आणि आम्ही चालत येतो, तो पूल त्याच्या नावाचा. माझी लेक त्या पुलावरून चालताना कठड्याला हात लावत येते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये त्या भिंतीवरची क्लेमेंटेच्या 21 आकड्याची पाटी निघाली आणि तिथे एका दारूच्या पेयाची जाहिरात लागली. त्याच्या कुटुंबाला कुणी विचारलं नव्हतं, हे त्याच्या मुलाने सांगितलं. लोक खवळल्यावर क्लबने चूक झाली असं म्हटलं आणि आकडा परत लावला. परत लावला, हे बरं केलंत. पण मला आजही कळत नाही की ती जाहिरात ठरवताना, छापताना, चिकटवताना, इतक्या माणसांच्या हाताखालून ती गेली आणि एकालाही कसं वाटलं नाही की हे कुणाच्या जागी लावतोय?

त्याच महिन्यात विटांचं. 2001 मध्ये स्टेडियम उघडलं त्या सुमाराला हजारो लोकांनी पैसे भरून आपल्या माणसांची नावं विटांवर कोरून घेतली होती. वारलेल्या वडिलांची, लग्नाच्या तारखेची, नातवाची. आमच्याकडे देवळाच्या पायऱ्यांच्या फरशीवर अशी नावं असतात. जोतिबाच्या डोंगरावर पायऱ्या चढताना माझी आजी अशा नावावर पाय पडू नये म्हणून बाजूने चालायची. स्टेडियमबाहेरचं काम काढल्यावर त्या विटा उचलल्या गेल्या आणि मग त्यांचे फोटो आले: भंगाराच्या ढिगाऱ्यात, नावं वर करून पडलेल्या. या नावांचा नव्याने मान राखू असं क्लबने नंतर जाहीर केलं. ते व्हावंच. पण ज्याने तो फोटो मोठा करून त्यात आपल्या वडिलांचं नाव शोधलं असेल, त्याच्या मनाचं काय?

हे मी पराभवापेक्षा मोठं मानते. सामने हरणं मला चालतं. 1960 च्या त्या वर्ल्ड सिरीजमध्येही आपण तीन सामने 16-3, 10-0 आणि 12-0 असे हरलो होतो. हरलेल्या टीमवर माणसं प्रेम करतात, पण आपल्या माणसांची आठवण न ठेवणाऱ्या टीमवर करायला फार जड जातं.

4 एप्रिलला हंगामातल्या घरच्या पहिल्या सामन्याला स्टेडियमवरून विमान फिरलं, मागे फलक, 'टीम विका, बॉब'. स्टँडमध्ये तीच घोषणा. मी तेव्हाही ओरडले नाही. ज्या माणसाचं ऐकून घ्यायचंय त्याला ओरडून सांगितलेलं पोचत नाही, असं मला वाटतं. म्हणून आता शांतपणे, एकेक करून मागते.

स्कीन्सशी पुढच्या एप्रिलआधी बसून बोला आणि क्लबच्या इतिहासात कधी दिली नाही अशी रक्कम त्याच्यापुढे ठेवा. तो नाही म्हणाला तर त्याची मर्जी. पण क्लबने मनापासून विचारलं होतं, हे गावाला कळू द्या. आणि तोवर त्याच्या मागे धावा करणारे बॅटर आणा. निदान दोन तरी चांगले.

लीगकडून मिळणाऱ्या वाट्यातला किती पैसा खेळाडूंवर आणि किती इतरत्र गेला, हे दरवर्षी हंगाम संपल्यावर जाहीर करा. ज्या स्टेडियममध्ये तुम्ही खेळता ते शहराच्या आणि काउंटीच्या सार्वजनिक संस्थेच्या मालकीचं आहे आणि त्याच्या बांधकामातला मोठा वाटा लोकांच्या पैशातला आहे. तेव्हा हे विचारायचा आम्हाला हक्क आहे.

क्लेमेंटेचा आकडा, त्याचा पुतळा, ती भिंत, विटांवरची नावं, यांना त्याच्या कुटुंबाला आणि चाहत्यांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही, असं लेखी द्या. विटांवरच्या प्रत्येक नावाला पुन्हा जागा मिळेल ती तारीख सांगा.

वर्षातून दोनदा गावात उघडी सभा घ्या. तुम्ही स्वतः या, तुमचे अधिकारी पाठवू नका. मे महिन्यात तुम्ही व्यवस्थापक बदलून डॉन केलीला आणलंत, जो याच भागातला आहे. तो निर्णय मला पटला. असे पटणारे निर्णय लोकांसमोर येऊन सांगायला काय हरकत आहे?

आणि यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, तर ज्याला जमेल आणि जो ही टीम इथेच, ॲलेगेनीच्या काठावर ठेवेल, अशा कुणाच्या तरी हाती ती सोपवा. 2018 च्या अर्जावर मी सही केली नव्हती. पुढचा हंगामही असाच गेला, तर नवा अर्ज मीच लिहीन.

एक शेवटचं मागणं. 13 ऑक्टोबरला भिंतीपाशी या. रेडिओ दुपारी एकच्या सुमाराला सुरू होतो. 2007 मध्ये माझा हात धरलेल्या आजी आता दिसत नाहीत, पण त्यांच्या जागी इतर येतात, पोरंटोरं घेऊन. माझी लेक मागच्या तीन वर्षांपासून पूर्ण सामना बसून ऐकते. जास्तीची घडीची खुर्ची आमच्या गाडीत असतेच.

आपली,
मंगळवार पेठ, कोल्हापूर येथील एक चाहती
मुक्काम पिट्सबर्ग, नोव्हेंबर 2025